पाकोळीचा डोळा

छावणीच्या फाटकासमोर दुकानांची एक रांग होती. बुटांचं, ट्रंकांचं, मग केस कापणाऱ्याचं, आणि अगदी टोकाला मावशीचं. दुकान कसलं, एक खोलीच. पुढे काच, काचेमागे टांगलेले बिल्ले. मागच्या भिंतीला खिडकी, खिडकीखाली लाकडी चौकट, आणि त्या चौकटीवर कापड ताणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकलेली मावशी. तिला मावशी कोणी म्हणायला लागलं ते आता कोणालाच सांगता आलं नसतं. नवे रंगरूट मावशी म्हणत, त्यांचे साहेब मावशी म्हणत, आणि साहेबांचेही साहेब कधी आले तर ते नुसते घसा खाकरून उभे राहत. अशा वेळी मावशी मान वर न करता म्हणे, "बसा. टाका अर्धा सोडता येत नाही."

नवरा पलीकडच्या टेबलावर जाड लोकरी कापडाचे गोल कापायचा. हात स्थिर, जीभ त्याहून स्थिर. दोघांच्या वाट्याचं मावशीच बोलून घ्यायची, आणि उरलं तर गिऱ्हाइकाच्या वाट्याचंही.

काचेमागे सगळ्या पलटणींचे बिल्ले होते, पण एक कधीच टांगलेला नसे. तो मागायला येणाऱ्यांची तोंडं मावशी बरोबर ओळखायची. एकदा एक नवा रंगरूट फार गोड बोलून म्हणाला, "मावशी, फोटोपुरता द्या ना, लगेच आणून देतो." मावशी म्हणाली, "देते की. तू फोटोपुरता कड्यावरून खाली उतरून ये." तो जो गेला तो परत फिरकला नाही.

हा बिल्ला होता दोरवाल्यांचा. कडे, सुळके, दऱ्या, जिथे शहाणा माणूस वाकूनही बघणार नाही तिथे रात्रीबेरात्री दोरावरून उतरणारी एक छोटी तुकडी छावणीत होती. शंभर पोरं परीक्षेला बसायची आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरायची. त्यांच्या बिल्ल्यावर काळ्या कापडावर चंदेरी तारेची एक पाकोळी होती, कड्याकपारीतला तो चिमुकला पक्षी, डोकं खाली करून सूर मारणारा. तिच्याखाली सोनेरी तारेचा दोर, आणि दोराच्या मधोमध एक गाठ. अक्षर एकही नाही.

बाहेरच्या लोकांना त्यात काय काय दिसायचं. बूटवाला म्हणायचा, हा ससाणा आहे, शत्रूवर झडप घालतोय. वर्तमानपत्रात कोणीतरी आकाशातून येणारा मृत्यू असं काहीतरी छापलं होतं. केस कापणारा म्हणाला होता, "मला तर कोंबडी विहिरीत पडल्यासारखी वाटते," आणि त्यानंतर बरेच दिवस मावशीने त्याला दुकानात पाऊल ठेवू दिलं नव्हतं. हसली मात्र ती एकटीच, तो गेल्यावर.

खरा अर्थ सांगायची तिला हौस होती. नवा बिल्ला घ्यायला जोडी आली की ती दोघांना समोर बसवायची. दोरवाले कायम जोडीने असत, एक दोर आणि दोन माणसं. "पाकोळी का? तर ती जमिनीवर बसत नाही. बसली तर तिला उडता येत नाही. तिचं सगळं घर कड्याला. डोकं खाली का? कारण तुम्ही वर चढायला जात नाही, खाली उतरायला जाता, आणि उतरणं चढण्याहून अवघड. दोराला दोन टोकं. एक खाली जाणाऱ्याचं, एक वर थांबणाऱ्याचं. आणि ही गाठ म्हणजे कोणीही आपलं टोक सोडायचं नाही. समजलं?" दोघं माना हलवायचे. त्यांना हे छावणीत कितीदा सांगून झालेलं असायचं, पण मावशीसमोर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

मग यायचा डोळा. पाकोळीच्या डोळ्याची जागा मावशी कोरी ठेवायची. ती भरायची नाही असा तुकडीचाच रिवाज होता. शेवटच्या परीक्षेत पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला कड्यावरून खाली सोडत, आणि वर थांबलेला जोडीदार हाका मारून त्याला पाऊल कुठे टाकायचं ते सांगे. उतरला तर पास. आणि मग ज्याने त्याच्यासाठी पाहिलं, तोच त्याच्या पाकोळीला लाल धाग्याने डोळा शिवून देई. त्यामुळे सगळ्या बिल्ल्यांवर मावशीच्या हातचं रेखीव काम आणि मधोमध एक वेडाबागडा लाल ठिपका. कुणाचा फुगलेला, कुणाचा तिरळा. मावशीला तो ठिपका बघवायचा नाही, आणि त्याच्याशिवायचा बिल्लाही बघवायचा नाही. "गाठ माझी, डोळा तुमचा," ती म्हणायची, आणि सुई त्यांच्या हातात द्यायची.

माणूस गेला की तोच जोडीदार तो डोळा उसवायचा. फाटकाच्या आत एक दगडी भिंत होती, तिच्यासमोर सगळी तुकडी उभी राहायची, घरचे लोक बिल्ला घेऊन यायचे, जोडीदार लाल टाके काढायचा आणि आंधळी पाकोळी घरच्यांच्या हातात परत द्यायचा. मग नाव भिंतीवर कोरलं जाई. आणि डोळा असा मिटवला नाही तोवर, माणूस कितीही दिवस बेपत्ता असो, त्याला मेला म्हणायचं नाही. "दोरावर आहे" असं म्हणायचं. जो दोरावर आहे त्याला शोधायचं, हाही रिवाजच.

मावशीचा एकुलता एक लेक याच तुकडीत होता. तिने त्याला चौकटीशी बसवायचा फार प्रयत्न केला होता. पण ते पोर लहानपणापासून भिंतीवर. दुकानाच्या छपरावर, पाण्याच्या टाकीवर, एकदा तर छावणीच्या ध्वजाच्या खांबावर, आणि तिथून उतरवायला दोरवालेच आणावे लागले होते. मावशी म्हणायची, तिथेच त्याला त्यांची चटक लागली. तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं पोर त्या कड्यांवर जाणार म्हटल्यावर तिने अन्न टाकून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला तिलाच झेपला नाही.

त्याचा बिल्ला शिवताना तिने एक लबाडी केली. गाठ दुहेरी तारेने भरली. नियमात ते बसत नव्हतं, पण वरून कोणाला कळणार? आईच्या हाताला कळलं म्हणजे झालं.

त्याचा जोडीदार इतका उंच की सगळे त्याला खांब्या म्हणत. डोळा शिवायला तो दुकानातच बसला होता. स्टूल बुटकं, गुडघे कानाशी आलेले, आणि त्या राकट बोटांत सुई सापडेना. दोनदा बोटात घुसली. लेक शेजारी बसून त्याची खोडी काढत होता, "अरे, चकणी केलीस माझी पाकोळी. आता ही उतरणार एकीकडे आणि बघणार दुसरीकडे." मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. नवऱ्यालासुद्धा कात्री खाली ठेवावी लागली. खांब्याने बिल्ला उलटा केला आणि मागे गाठीवर गाठ, गाठीवर गाठ मारत सुटला. "पुरे रे," मावशी म्हणाली, "कापड फाटेल."

"सुटायला नको, मावशी," तो म्हणाला. "हा काही उसवायची वेळ येणार नाही."

मोहिमेवर जाताना दोरवाले अंगावर कुठलीही खूण ठेवत नाहीत. बिल्ला घरी ठेवून जायचा. लेकाने तो दुकानात आणून चौकटीवर ठेवला आणि म्हणाला, "ठेव गं. येताना घेतो." तिने तो मेणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. धाग्यावरून फिरवायचं मेण ती ज्या डब्यात ठेवायची त्याला मधासारखा वास यायचा, आणि लेकाला लहानपणापासून तो आवडायचा.

तुकडीचा मेजर आला तेव्हा दुकान नुकतंच उघडलं होतं. त्याच्यामागे खांब्या, दोन्ही हात पट्ट्यांनी गुंडाळलेले. मावशी त्यांना बसा म्हणाली नाही. मेजर म्हणाला, "मावशी, तो दोरावर आहे," आणि तिने चौकट घट्ट धरून विचारलं, "म्हणजे शोधताय ना?"

"शोधतोय."

"मग इथे काय करताय?"

खांब्या जमिनीकडे बघत होता. तो मावशीशी एक शब्द बोलला नाही, आणि तिने त्याला दोषही दिला नाही. ज्याचा जोडीदार हरवला त्याच्या तोंडून काय निघणार? मेजरनेच सांगितलं. परत येताना कड्यावर खुंटी निसटली. लेक खाली होता, खांब्या वर. दोघंही गेले असते. लेकाने खालून ओरडून सांगितलं, काप. खांब्याने दोर कापला. दरीत खोल पाणी होतं, आणि पाणी चढलेलं होतं.

नवरा म्हणाला, "तो तसाच आहे." एवढंच. आहे म्हणाला, होता म्हणाला नाही, हे मावशीने मनात धरून ठेवलं.

त्यानंतरचे दिवस असे गेले की जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तिला नव्याने कळलं. फाटक उघडल्याचा आवाज आला की सुई थांबायची. गाडी थांबली की सुई थांबायची. ती स्वतःला गोष्टी सांगायची. पाण्यात पडलाय म्हणजे दगडावर नाही ना पडला. पोहता येतं त्याला. कुठेतरी एखाद्या झोपडीत पडून असेल, पाय मोडला असेल, बोलता येत नसेल. मोडलेल्या पायाचं तिने सगळं ठरवून टाकलं होतं, दुकानात त्याची खाट कुठे लावायची तेसुद्धा. नवरा ऐकून घ्यायचा. कापडाचे गोल आता त्याच्या हातून वाकडे कापले जात होते आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

मग मेजर पुन्हा आला. या वेळी टोपी हातात होती. शोध थांबवलाय, म्हणाला. माणसं शक्य तिथवर जाऊन आली. "आता डोळा मिटवायला हवा, मावशी. तुम्ही म्हणाल त्या दिवशी."

"बिल्ला सापडत नाही," मावशी म्हणाली.

पडलेली सुई अंधारात चाचपून शोधणारी बाई, आणि तिला बिल्ला सापडत नव्हता. मेजरला कळलं, नवऱ्याला कळलं. बूटवाल्याला आणि केस कापणाऱ्यालाही कळलं, आणि सगळ्यांनी खोटं खोटं शोधायला मदत केली. केस कापणाऱ्याने तर काउंटरखाली वाकून पाहिलं. मावशीचा हिशोब सरळ होता. डोळा उघडा आहे तोवर तो दोरावर आहे. दोरावर आहे तोवर त्यांना शोधावंच लागेल. त्यांचाच रिवाज, तिने थोडाच केला होता?

पण नवरा खचत चालला. तो जेवायला बसायचा आणि घास हातात धरून राहायचा. शेजारी भेटायला आले तर त्यांच्याशी काय बोलावं ते त्याला कळेना, आणि त्यांना याच्याशी. मेला म्हणावं तर बायको खायला उठते, जिवंत म्हणावं तर जीभ उचलत नाही. एका दुपारी दुकानात कोणी नसताना तो कात्री बाजूला ठेवून म्हणाला, "मला एकदा रडू दे गं."

"मी काय हात धरलाय तुमचा?"

"धरलायस," तो म्हणाला. "मी रडलो की तू म्हणतेस, तो काय मेलाय? मग मी गप्प बसतो. मला नाही होत आता. मला एकदा सगळ्यांसमोर उभं राहून रडायचंय, आणि मग घरी यायचंय."

एवढं सलग तो त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल. मावशी उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. त्याला द्यायला हवं होतं, आणि देणं तिच्या हातून होणार नव्हतं. तेव्हा तिला सुचलं. जगात तो बिल्ला शिवू शकणारी एकच बाई होती.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला कापड आणायला पाठवलं आणि काचेवर पडदा ओढला. पाकोळी झाली, दोर झाला, गाठ दुहेरी तारेने झाली, कारण तिला फरक राहू द्यायचा नव्हता. मग तिने लाल धागा ओवला, आणि हात अडला. आयुष्यात तिने कधी डोळा भरला नव्हता. खरा बिल्ला समोर ठेवून ती खांब्याचा एकेक टाका बघत होती आणि तसाच गबाळा टाका घालायला बघत होती, पण सुई आपोआप नीट जागी जायची. तिने डाव्या हाताने करून पाहिलं. मान फिरवून करून पाहिलं. उसवलं, पुन्हा घातलं, आणि शेवटी एक तिरळा, फुगलेला, केविलवाणा डोळा तयार झाला. दोन्ही शेजारी ठेवले तर तिलाही क्षणभर ओळखू येईना. खरा तिने मेणाच्या डब्यात परत ठेवला आणि डबा तारांच्या खणात मागे सारला. आपण पाप केलं असं तिला वाटलं नाही. पचलं म्हणजे झालं, एवढंच वाटलं.

नवरा आल्यावर ती म्हणाली, "सापडला. तारांच्या खणात होता."

नवऱ्याने बिल्ला हातात घेतला आणि डोळ्यावरून अंगठा फिरवला. तिला पाहवलं नाही.

भिंतीसमोर सगळी तुकडी उभी होती. खांब्या पुढे आला. हातांच्या पट्ट्या निघाल्या होत्या, तळव्यांवर दोराचे लाल वळ होते. मावशीने बिल्ला त्याच्या हातात दिला. त्याने टाके काढायला तो उलटा केला आणि थबकला. उलट्या बिल्ल्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून मावशीकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. काय चुकलं ते तिला कळेना. मेजर हलकेच खाकरला. खांब्याने छोटी कात्री टाक्याखाली घातली आणि ओढली, आणि लाल डोळा अलगद, एका ओढीत, बाहेर आला.

नवरा रडला. असा रडला की दोन शिपायांनी त्याला धरलं. मावशी कोरड्या डोळ्यांनी उभी होती, आणि परतताना जो तो म्हणत होता, बाई खंबीर आहे.

त्या दिवसापासून नवरा जेवायला लागला. गोल पुन्हा गोल कापले जाऊ लागले. आणि मावशी? तिला वाटलं होतं, त्याला त्याचं मिळेल, तिला तिचं राहील. पण भिंतीवर नाव कोरलं गेलं आणि शोधायला जाणारं आता कोणी उरलं नाही. पाकोळी डब्यात डोळा उघडून बसली होती, आणि ते जगात फक्त तिला माहीत होतं. ती रोज झाकण उघडून बघायची आणि लावायची. एकदा तर ती मेजरला सगळं सांगायचं ठरवून फाटकापर्यंत गेली. साहेब, तो डोळा खोटा होता, खरा उघडा आहे, म्हणजे तो अजून दोरावर आहे, म्हणजे तुम्हाला गेलंच पाहिजे. पहारेकऱ्याने विचारलं, काय काम आहे मावशी? तिला नवऱ्याचं रडणं आठवलं. काही नाही म्हणाली आणि परत आली. ती वाट तिला चढणीसारखी वाटली, आणि रस्ता तर सपाट होता.

खांब्या आला तेव्हा भर दुपार होती. नवरा घरी जेवायला गेला होता. खांब्याने अंगातलं जाकीट काढून काउंटरवर ठेवलं, छातीवरची पाकोळी वर करून. मग बुटक्या स्टुलावर बसला, गुडघे कानाशी.

"तो डोळा माझा नव्हता," तो म्हणाला.

मावशीने सुई कापडात खोचली. "कशावरून?"

"मागे गाठ नव्हती, मावशी."

तिला हसू येईल की काय असं वाटलं. जरीकाम करणारी माणसं मागे गाठ मारत नाहीत. धाग्याचं टोक टाक्यांखाली सरकवून दाबतात. गाठ नवशिके मारतात. ती पुढच्या तिरळेपणात इतकी गुंतली होती की बिल्ला उलटा केल्यावर मागे तिच्या हाताने सवयीनेच टोक दाबून टाकलं, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?"

"मला बरं वाटलं." तो काउंटरकडे बघत बोलत होता. "माझ्या हातून तो मिटायला नको होता. मिटवायचा हक्क नाही मला." त्याने जाकीट पुढे सरकवलं. "ही गाठ काढा. माझ्या बिल्ल्यावरची. मला ती अंगावर घालवत नाही, आणि स्वतः काढायची हिंमत होत नाही. तुमची आहे. तुम्ही काढा."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "त्याने सांगितलं म्हणून तू कापलास ना?"

"सगळ्यांना मी तेच सांगितलंय."

"मी तुला विचारतेय. त्याने सांगितलं का, काप म्हणून?"

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. ती जाईपर्यंत खांब्या जाकिटाची बाही सरळ करत राहिला.

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"थांब म्हणाला. पकड मिळतेय, थांब." त्याने गुडघे घट्ट धरले. "माझे पाय सुटत होते, मावशी. दगडावर रेती होती. मी हाक मारली, तो म्हणाला थांब. मी नाही थांबलो."

मावशीने दोन्ही हात चौकटीवर टेकले. आणि या सगळ्यातून, मेलं ते मन, पुन्हा तिथेच गेलं. "पकड मिळत होती ना त्याला?" ती म्हणाली. "मग मिळाली असेल. तू कापलास तेव्हा त्याच्या हातात दगड असेल. पाण्यात पडलाच नसेल तो. तिथेच कुठेतरी..."

"मावशी."

"तुला काय माहीत? तू वर होतास."

"मी वाकून पाहिलं," खांब्या म्हणाला. "उजाडत होतं. खाली पाणी नव्हतं त्या जागी. मी मेजरसाहेबांना पाण्याचं सांगितलं, म्हणून सगळे पाण्याच्या वाटेनेच शोधत गेले. मी पाहिलंय त्याला, मावशी. शोधायला काही नाही. कधीच नव्हतं."

तिने मोडलेल्या पायाचा विचार केला, दुकानात लावायच्या खाटेचा. ती खाट लावायची जागा समोरच होती, आणि तिथे आता कापडाचा गठ्ठा ठेवला तरी चाललं असतं. तिला या माणसाचा गळा धरावासा वाटला, आणि त्याच वेळी असंही वाटलं की खोटं बोलणं किती सोपं होतं याला. बोलला असता तर तिने आयुष्यभर विश्वास ठेवला असता.

तिने त्याचं जाकीट ओढून घेतलं. सुईचं टोक गाठीच्या तारेखाली घातलं. तार वर आली, चमकली. एक ओढ, आणि सगळी गाठ सुटली असती. तिने सुई काढून घेतली.

"नाही," ती म्हणाली. "मी घातलेली गाठ मी सोडत नाही. तू वागव."

तिने खण उघडला, मागून डबा काढला आणि खरा बिल्ला त्याच्यासमोर ठेवला. मेणाचा वास आला. "हा तुझा डोळा. आता तू मिटव."

खांब्याने बिल्ला उलटा केला. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, त्याने स्वतः मारलेल्या. तो नखाने खरडत राहिला, सुईने उकरत राहिला. एकही सुटेना. त्याच्या कपाळावर घाम आला. "सुटत नाही," तो म्हणाला. "कापावा लागेल."

मावशीने तिची छोटी कात्री त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उचलली, पाती लाल धाग्याखाली घातली आणि तसाच बसून राहिला. तो मान हलवत होता, नाही, नाही, म्हणून.

"काप," मावशी म्हणाली. "तेव्हा जमलं ना."

त्याने कापला.

लाल धाग्याचे तुकडे जमिनीवर पडले, रोजच्या कातरणांत. पाकोळीच्या डोळ्याच्या जागी एक खडबडीत भोक उरलं. मावशीने तो बिल्ला उचलला, डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. खांब्या तोंड झाकून रडत होता. ती त्याला गप्प बस असंही म्हणाली नाही, आणि रड असंही म्हणाली नाही.

तेवढ्यात नवरा जेवून परत आला. दारात थांबला. स्टुलावर बसून रडणारं ते एवढं मोठं पोर त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा मऊ झाला. त्याने माठातून पाणी आणलं आणि पेला त्याच्या हातात दिला. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रड," तो म्हणाला. "मीसुद्धा रडलो. बरं वाटतं. आणि येत जा रे मधूनमधून. त्याचं शेवटचं बोलणं तू ऐकलंस, आमचं आता तूच आहेस."

खांब्याने मावशीकडे पाहिलं. मावशी दोघांच्या वाट्याचं बोलणारी बाई. तिने तोंड उघडलं, आणि नवऱ्याच्या तोंडावरचं ते समाधान पाहून मिटलं. आता तिला दोघांच्या वाट्याचं गिळायचं होतं.

नवऱ्याने काउंटरवरचं जाकीट उचललं, झटकलं आणि खांब्याच्या अंगावर चढवलं. लहान मुलाच्या लावाव्यात तशा गुंड्या लावल्या. मग छातीवरचा बिल्ला बोटाने सरळ केला आणि जवळून निरखला.

"बघ," तो म्हणाला, "एवढं सगळं झालं, पण गाठ कशी घट्ट आहे अजून. हिच्या हातची आहे ती."

मावशी चौकटीवर वाकली आणि अर्धा राहिलेला टाका शोधू लागली.